ग्रुपवरच्या त्या शब्दाबद्दल

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

पिंकीच्या नणंदेच्या फोटोखाली तू ‘मन्टर’ लिहिलंस. नानांना कळलं नाही, मला कळलं. कुरूप म्हणायचं आणि तेही बहुतेक बायकांनाच, असा तो शब्द. लगेच पुसलास, बरं केलंस. पण ग्लासगोत कुणा मुलीला तोंडावर असलं बोलत नाहीस ना?

‘मिंगर’ही त्याच जातीचा. स्कॉट बोलीत ‘मिंग’ म्हणजे दुर्गंधी. कँटीनचं सूप ‘मिंगिंग’ म्हटलंस तर कुणी वळूनही बघणार नाही, माणसाला म्हटलंस की जिव्हारी लागतं. ‘बॉगिन’ म्हणजे घाणेरडं, तो मोजे, सिंक यांच्यापुरताच ठेव. ‘हॅकिट’ मात्र थेट माणसाच्या रूपावर जातो, तो नकोच. उलट तुला कुणी ‘यू लुक रफ’ म्हणालं तर भांडू नकोस. दमलेला, आजारी दिसतोस, एवढंच. ‘पीली-वॉली’ म्हणजे चेहरा पांढराफटक पडलाय. ‘फेस लाइक अ वेट वीकेंड’ नाकाडोळ्यांवर नसतं, तोंड पाडून बसलेल्याला म्हणतात. आणि ‘फिट’ म्हणजे देखणी, तेव्हा मॅडमच्या तब्येतीचं कौतुक म्हणून तो वापरू नकोस.

तिथली मुलं एकमेकांना ‘बाल्डी’, ‘स्पेकी’ म्हणजे टकल्या, चष्मिस म्हणतात. त्यांची ओळख शाळेपासूनची, तुझी सप्टेंबरपासूनची. नोकरीत तर फारच जपून. वेस्ट यॉर्कशायरमध्ये एका कामगाराला टकलावरून शिवी दिली, 2022 साली न्यायाधिकरणाने तो लिंगाशी निगडित छळ ठरवला.

पुन्हा शिकवायला बसले, रागावू नकोस. चौथीत चष्मा लागला तेव्हा ‘ढापण्या’ म्हणतात म्हणून तू तो दप्तराच्या तळाशी लपवायचास. फळा दिसेना, गणितं चुकायची, तरी घरी चकार शब्द नाही. शेवटी नंदूमामाने काढून घेतलं तुझ्याकडून. म्हणून विचारते, कुणाला बोलला नाहीस ना?

आणि तुला कुणी बोललं तर? रंगावरून काढलेला शब्द थट्टेत घालवू नकोस. इक्वॅलिटी अ‍ॅक्ट 2010 मध्ये, म्हणजे तिथल्या समानतेच्या कायद्यात, कातडीचा रंग हा वंशातच धरलाय. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेव. युनिव्हर्सिटीत कळव. पोलिसांचा नंबर 101, जिवावर बेतलं तर 999. आणि मला सांग. चौथीतल्यासारखं गप्प बसू नकोस.

तुझं इंग्रजी नाना येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. मलाही आवडतं.

पिंकीला फोन कर, रविवारी सकाळी ती घरी असते. मला मात्र आधी उत्तर लिही, तिथे कुणाला बोललास का?

तुझी,
आई