पावती कपाटातच आहे

कराड,
रविवार, रात्री

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा अंगठा मिळाला. फोनवर बोलायला लागलो की आपण दोघंही चढतो, म्हणून लिहितोय. गेमच्या जाहिरातीसाठी आजीची ठेव मोडायचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं आईला कबूल केलंय. पावती कपाटातच आहे, एवढं सांगतो आणि तो विषय संपवतो.

तू गेल्यावर तुझा गेम परत लावून बसलो. रात्री मोटर सुरू झाली की या सरीतून त्या सरीत पाणी फिरवायचं आणि लाइट जायच्या आत शेवटचा वाफा भिजवायचा. नानांच्या मागे बॅटरी धरून तू चिखलातून फिरायचीस, तेव्हा चौथीत असशील. आजी सापाच्या भीतीनं बांधावरून ओरडायची, "पोरीला पान लागंल!" पाणी वळवायला दारं मोडताना नाना फावडं कसं तिरकं मारायचे, ते तू त्या बोटाएवढ्या माणसात बरोबर आणलंयस. मी त्यांचा मुलगा, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आपण फोनमध्ये फावडं मारतोय हे बघून नाना काय म्हणाले असते ते मात्र पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मग एवढा चांगला गेम कुणाला दिसत का नाही? परवा स्टोअरमध्ये 'वॉटर पझल' असं टाकून बघितलं. रंगीत पाणी या बाटलीतून त्या बाटलीत ओतायचे गेम, एकाखाली एक. बोट दुखलं तरी तुझा येईना. पूर्ण नाव टाकलं तेव्हा कुठे आला. म्हणजे ज्याला नाव माहीत आहे त्यालाच सापडणार, आणि नाव माहीत आहे ते आपल्या गल्लीला.

गल्लीला आणि प्रीतिसंगमावर फिरायला येणाऱ्या आमच्या पेन्शनरांना. तुझं खातं वैयक्तिक, म्हणून गूगलच्या नियमाप्रमाणे गेम स्टोअरवर येण्याआधी 12 माणसं सलग 14 दिवस चाचणीत राहायला हवी होती. ती जमवताना मी पतसंस्थेच्या निवडणुकीतसुद्धा फिरलो नाही तेवढा फिरलो. सरांना त्यांच्या जीमेलचा पासवर्ड आठवेना, तो त्यांच्या सुनेला विचारावा लागला. आता ते रोज सकाळी समाधीपाशी गाठतात, "पोरीचं कुठवर आलं?" मी म्हणतो, चाललंय. बाळूकाका तर ऑगस्टपासून एकच विचारतोय, सरकारनं गेम बंद केले ना, मग आता मनू काय करणार? पैसे लावून खेळायचे गेम बंद झालेत, आपल्या मनूच्या गेममध्ये पैसा लावायचाच नसतो, हे त्याला दोनदा समजावलं. तो म्हणाला, "मग मिळतो कुठनं?" यावर मी गप्प बसलो.

तेच मलाही विचारायचं आहे. भाऊबीजेला तू तो तक्ता दाखवलास. मला गेममधलं कळत नसेल, पण उभी हयात ताळेबंद बघण्यात गेली आहे. जाहिरात देऊन एक इन्स्टॉल आणायला तुला जेवढा खर्च आला, त्याची चौथाईसुद्धा त्या माणसाकडून परत आली नव्हती. मग शंभर आणले काय आणि लाख आणले काय, तोटाच तेवढा वाढणार. मोठ्या कंपन्यांना हे परवडतं, कारण त्यांच्या गेममध्ये हिरे आणि नाणी विकत घेत सुटणारी थोडी माणसं असतात आणि त्या थोड्यांच्या जिवावर बाकी सगळ्यांना आणायचा खर्च निघतो. तुझ्या गेममध्ये विकत घ्यायचं आहे काय? जाहिराती बंद करायचे 99 रुपये, तेही एकदाच, आणि त्यातले 15 टक्के स्टोअरचे. जाहिरातीची जागा लिलावानं जाते, हे तूच मला सांगितलंस. समोरचा एका माणसामागे जेवढं कमावतो तेवढी बोली तो लावणार. त्याच्यासमोर तू आजीच्या ठेवीवर किती वेळ बोली लावत राहणार?

काढणार नव्हतो. निघालं.

भाषण झालं, सोड. तू त्या रात्री म्हणालीस ते मी ऐकलं नाही असं समजू नकोस. थ्रीज नावाचा गेम करायला त्या लोकांना वर्षाहून जास्त लागलं, फेब्रुवारी 2014 मध्ये तो विकायला आला, आणि पुढच्याच महिन्यात इटलीतल्या 19 वर्षांच्या मुलानं शनिवार-रविवारात बसून केलेला तसलाच 2048 फुकट सगळीकडे पसरला. तो मुलगा चोर नव्हता, तेही तूच सांगितलंस. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते त्याच्या गेमचं. म्हणून तुला घाई आहे. कुणी पाट आणि वाफे उचलून तसलाच गेम काढायच्या आत तुला माणसं हवी आहेत. हे मला पटतं. पटतं म्हणूनच झोप लागत नाही.

पण मग हनोईच्या त्या डोंग न्युएनचं बघ. त्याचा फ्लॅपी बर्ड मे 2013 मध्ये आला आणि कितीतरी महिने तसाच पडून होता. 2014 च्या जानेवारीत एकदम उसळला, आणि फेब्रुवारीत त्यानं स्वतःच काढून टाकला, माझं साधं आयुष्य बिघडलं म्हणून. हे वाचलं तेव्हा तुझा गेमही असाच उसळेल म्हणून आशा वाटली, आणि लगेच वाटलं, उसळला तर माझी मनू तरी झोपेल का? बापाचं डोकं असंच चालतं. त्याचा गेम का चालला हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? नशिबावर ठेव मोडता येत नाही. (परत आलं. खोडत नाही, शाई फासल्यासारखं दिसेल.)

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. कारखाना सुरू झालाय. मंगळवारी वजनकाट्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, ड्रायव्हर फोन घेऊन बसलेले. एकाला तुझा गेम लावून दिला. अर्धा तास मान वर केली नाही पठ्ठ्यानं. मग म्हणाला, "पानी चढाला जात न्हाई, हे बरं दाखिवलंय." आणि विचारलं, "काका, ह्यात मराठी न्हाई व्हय?" मी काय सांगणार! नानांच्या रानाचा गेम, आणि आत 'टॅप टू ओपन गेट'. तुझं उत्तर मला माहीत आहे. इथल्या माणसानं जाहिरात बघितली तर अमेरिकेतल्या माणसाच्या मानानं फारच थोडं मिळतं. असेल. पण तो माणूस फुकट आला ना? त्यानं मागच्या ट्रॅक्टरवाल्यालाही दाखवला. स्टोअरवर प्रत्येक भाषेचं पान वेगळं लावता येतं, चित्रं वेगळी देता येतात, त्याला पैसे पडत नाहीत. मराठी मी लिहून देतो. 'दार मोडा', 'बारं फिरवा', हे कुठल्याही एजन्सीला सुचायचं नाही. आणि ते आयकॉनवरचं निळं थेंबाचं चित्र बदल, ते बाटलीवाल्यांच्या गर्दीत हरवतं. तिथे फावडं ठेव. ऍपलच्या निवडीसाठी अर्ज करता येतो म्हणालीस, तो भरलास का? की तेही जाहिरातीच्या नादात राहिलं?

बघ, सल्ला द्यायचा नाही म्हणून बसलो होतो. तू 29 वर्षांची आहेस, नोकरी विचारून सोडली नाहीस आणि विचारायचं कारणही नव्हतं. तुझ्या वयात मला पतसंस्थेचं टेबल सोडून तालुक्याबाहेर जायचा धीर झाला नाही, हे आई तुला कधीतरी सांगेलच. सांगितलंही असेल.

ठेवीवर नाव तुझं आहे. सज्ञान झालीस तेव्हाच माझी सही उपयोगाची राहिली नाही, हे तुला माहीत होतं, तरी तू विचारायला आलीस. ते मला त्या रात्री बोलता आलं नाही. मोडायचीच असेल तर पुण्याला पाठवून देईन, अडवणार नाही. फक्त जाहिरातीला घालू नकोस. घरभाड्याला घाल, जेवणाला घाल, पुढच्या वीस लेव्हल करायला बसशील त्या महिन्यांना घाल. आणि हातात किती शिल्लक आहे तो आकडा नको सांगूस, किती महिने पुरेल एवढंच कळव. आईला सांगणार नाही.

आईनं मेतकूट आणि लसणाची चटणी बाळूकाकाच्या मुलाबरोबर पाठवली आहे. डबा परत करायचा आहे, तो शेजारच्यांचा आहे.

तुझा,
बाबा

ता. क. ठेवीची मुदत मार्चअखेर आहे. आधी मोडलीस तर एक टक्का कापतील. दुसरं, आईच्या जुन्या फोनवर विहिरीच्या लेव्हलला उजव्या कोपऱ्यातलं दार दाबलं जात नाही, बोट बॅटरीच्या चिन्हाला लागतं. ट्रॅक्टरवाल्याच्या फोनवरही तेच झालं. दोघांचे मॉडेल नंबर लिहून ठेवलेत, व्हॉट्सऍपवर पाठवतो.