रेकॉर्ड रूममधून एका बायला जाहीर आभार

प्रिय बाय,

नाव कुठे लिहायचं नाही, असं तू जाताना बजावलंस, म्हणून लिहीत नाही. चिपळुणात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. तरीही पत्र जाहीर लिहितेय, कारण आपल्या बाजूच्या बऱ्याच दवाखान्यांत आता पेशंटची रेकॉर्डं कॉम्प्युटरवर नेण्याचं हेच काम निघालंय. "सिस्टिम बसवून दिली" असं कंपनीवाले सांगून जातात, त्यानंतर काय काय बसायचं बाकी असतं ते तू आम्हाला दाखवलंस.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावरची आमची रेकॉर्ड रूम गेली. उरली ती वरच्या मजल्यावरची वॉर्डाची रजिस्टरं आणि बिलिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली पेशंटची यादी. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचा बेत एकच होता: चार पोरं बसवायची आणि जुनी यादी नव्यात टाइप करून घ्यायची. तू पहिल्याच बैठकीत मोडता घातलास. दुपारच्या जेवणानंतर माणूस काय टाइप करतो ते मला विचारा, म्हणालीस. मग स्क्रिप्ट लिहिलीस, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. रात्री ती यादी नव्या सिस्टिमच्या चाचणी-प्रतीत ओतायची, सकाळी आम्ही आकडे ताडून बघायचे, गफलत दिसली की सगळं पुसून रात्री पुन्हा. खरा दिवस उजाडेपर्यंत इतक्या रंगीत तालमी झाल्या होत्या की त्या दिवशी कुणाला घाम फुटला नाही.

पण आभार मुख्यतः मानायचेत ते दुहेरी नोंदींबद्दल, म्हणजे एकाच पेशंटच्या दोनदा पडलेल्या नोंदींबद्दल. नाव आणि मोबाइल जुळला की नोंदी आपोआप एक करायच्या, असा कंपनीचा नियम होता. आमच्याकडे मोबाइल नंबर मुंबईतल्या लेकाचा. तोच आईच्या केस पेपरवर, तोच बापाच्या, आणि शेजारच्या काकूच्यासुद्धा. जन्मतारीख तर निम्म्या गावाची १ जानेवारी. त्यात बायकांचं वेगळंच. लग्नात आडनाव बदलतंच, कित्येक घरांत पाळण्यातलं नावही बदलतात. पहिल्या बाळंतपणाला पोर माहेरी येते आणि काउंटरवर सासरचं नाव सांगते. तिच्या लहानपणच्या नोंदी दुसऱ्याच नावाखाली पडलेल्या.

तू नियम बदललास. सगळं तंतोतंत जुळलं तरच मशीन जोडणार. थोडंफार जुळलं तर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून "संशयित" यादीत टाकणार आणि निकाल आम्ही द्यायचा. त्या यादीवर बसायला तू आमच्या जुन्या आयांना बोलावलंस, हे मला फार आवडलं. कुठल्या वाडीतली कुणाची सून, हे त्यांच्याइतकं कुठल्या सर्व्हरला ठाऊक असणार?

ॲलर्जीचंही तसंच. जुन्या यादीत ती "शेरा" या रकान्यात, ज्याला जसं सुचेल तसं लिहिलेली. तुझी स्क्रिप्ट "ॲलर्जी" शब्द हुडकून पेशंटच्या पानावर लाल पट्टी लावायची. पहिल्या तालमीत जिकडेतिकडे लाल! बघतो तर बहुतेक ठिकाणी शेरा होता "ॲलर्जी नाही". "नाही" वगळायला तुला वेळ लागला नसता, पण तू तेवढ्यावर थांबली नाहीस. प्रत्येक शेरा सिस्टरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पट्टी कायम होणार नाही, असं केलंस. "पेनिसिलिन चालत नाही" या शेऱ्यात ॲलर्जी हा शब्दच नव्हता. तो सिस्टरांनी पकडला.

बाकीचं भराभर सांगते. ड्युटीच्या तक्त्यावरून सगळ्यांचे लॉगिन एकदम तयार झाले. लॅबची मशीन थेट जोडल्यामुळे हिमोग्लोबिन ९.० चं ९० व्हायचं बंद झालं. पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) संशयाचे पेशंट वाढले की रक्तातल्या प्लेटलेट आणि क्रिएटिनिनचे आकडे वॉर्डात वेळेत दिसतात. आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र) असलेला पेशंट क्यूआर कोड स्कॅन करतो, संमती देतो आणि त्याचं नाव त्याच्याच स्पेलिंगने येतं. (१४ आकडी नंबर म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहिणं म्हणजे काय, ते काउंटरवर बसल्याशिवाय कळायचं नाही.)

आणि आपली टेस्ट आजी! चाचणी-प्रतीत तू बनवलेली ती खोटी पेशंट रोज रात्री आपोआप ॲडमिट होते, रक्त तपासून घेते, औषधं घेते, बिल भरते आणि डिस्चार्ज घेऊन जाते. कंपनीचा नवा अपडेटही आधी तिच्याच अंगावर. मध्येच ती कुठे अडकली तर सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आत कंपनीला फोन जातो. परवा तिचा डिस्चार्ज अडला, तेव्हा आमच्या मेट्रन बाई खरोखरच्या आजीसारख्या तिच्यासाठी भांडल्या.

लाईट जाणार हे तू गृहीतच धरलं होतंस, कारण तू इथलीच. दर पाळीच्या सुरुवातीला वॉर्डाची यादी, चालू औषधं आणि ॲलर्जी आपोआप छापून बाहेर पडतात. बाहेरून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, पेपरलेस झालात ना, मग हा कागद कशाला? म्हटलं, जुलैत येऊन राहा.

फिजिओथेरपीचे फॉर्म मात्र अजून कागदावरच आहेत. "पुढच्या खेपेला" म्हणून गेलीस, त्याचे आभार मानायचे राखून ठेवलेत. गणपतीत गावी येशील तेव्हा लॅपटॉप घेऊनच ये.

तुझी,
रेकॉर्ड विभागातली मावशी