पोरीचं पोट पोरीला कळतं

संपादक महोदय,

मी हर्णै बंदरातला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या. वर्षाचे दहा महिने दर्यावर जातात, त्यामुळे पोर काय खाते, कशी खाते हे मला फोनवरच कळायचं. यंदा १ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या शाकारून ठेवल्या आणि माझ्या २२ महिन्यांच्या मुलीचं जेवण मी पहिल्यांदा समोर बसून पाहिलं. त्यासाठीच हे पत्र.

माझी आई तिला पायांवर आडवी घ्यायची, बायको हात धरायची, समोर मोबाइलवर गाणी. तोंड उघडलं की घास आत. नाही उघडलं तर नाक दाबायचं. पोर रडायची, ठसकायची, शेवटी सगळं ओकून टाकायची. असं दिवसातून तीनदा. त्या दोघींना मी बोल लावत नाही. ओटीवर कोणीही आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "पोर किती वाळली गो!" रोज हे ऐकून कुठल्या आईचा जीव थाऱ्यावर राहील?

मी पोरीला अंगणवाडीत नेलं. वजन भरलं १० किलो २०० ग्रॅम. ताईंनी माता-बाल संरक्षण कार्डावर ठिपका मांडून दाखवला, तो हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वजन वयाला ठीक. मागचे ठिपकेही हळूहळू वर चढत आलेले. ताई म्हणाल्या, पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही उतरते, आणि याच वयात मुलं अनोळखी चवीला बिचकतात. वजन घटलं, पोर मलूल दिसली, घास गिळताना त्रास झाला तर मात्र थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी पहिलं विचारलं, दूध किती पिते? घरी मोजलं तर बाटलीनं दिवसाला जवळजवळ एक लिटर! जेवली नाही म्हणून दूध, आणि दुधानं पोट भरलं म्हणून जेवण नको. इतक्या दुधानं अंगात लोह कमी पडतं, म्हणून त्यांनी रक्तही तपासलं. आता दूध अर्ध्या लिटरच्या आत, तेही पेल्यातून. नाक दाबून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं. आई त्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं पोरीला पायांवर घेतलं नाही.

आता पोर आमच्या पंगतीला बसते. मोबाइल आतल्या खोलीत. काय वाढायचं आणि कधी, ते आम्ही ठरवतो. किती खायचं, ते ती. मऊ भात, कुळथाचं पिठलं, घावण्याचा तुकडा, आणि बाजारात मिळाली तर उकडलेली मुडदुशी, काटे बोटांनी चाचपून काढलेली. तांडेलाची पोर, पण मासा पाहिला की तोंड फिरवायची. आम्ही चमचाभर ताटाच्या कडेला ठेवत राहिलो, खा म्हटलं नाही. आधी तिनं तो बोटानं दाबला, मग मांजरीला दिला, एकदा चाटून थुंकला. मी मोजत होतो. अकराव्या वेळी तिनं तो तोंडात टाकला आणि माझ्या ताटातला आणखी मागितला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. काही दिवस पोर चार घासांवर उठते, तेव्हा माझाही जीव खालीवर होतो. पण दुपारी न जेवलेली रात्री आपसूक जेवते, हे मी पाहिलंय.

मधल्या वेळेचं पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट मात्र अजून सुटत नाही, कारण ते घरातून नाही, पाहुण्यांच्या हातून येतं. म्हणून तुमच्या वाचकांना, विशेषतः गणपतीला गावी येणाऱ्या माझ्या मुंबईकर भावाबहिणींना विनंती आहे. तेव्हा मी बोटीवर असेन. घरी आलात तर पोरीला केळं आणा, शहाळं आणा, तिच्याशी खेळा. तिच्या आईला पोर बारीक दिसते असं म्हणू नका. आणि पोरीनं ताट पुढे सारलं तर तिच्या आईला ते उचलू द्या.

आपला,
एक तांडेल, हर्णै (ता. दापोली)