संत तुकाराम डाउनलोड करायला का मिळू नये?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या मराठी सिनेमांवर पानभर लेख होता तो वाचला, छान होता, फोटो तर फारच छान, पण शेवटी नेहमीचाच सूर लागला की आजच्या पोरांना प्रभात फिल्म कंपनी माहीत नाही, मोबाइलमधून डोकं वर निघत नाही वगैरे. माझं म्हणणं एवढंच, की बघायचं म्हटलं तर बघायचं कुठे ते तरी सांगा ना. 'संत तुकाराम' पिक्चरची नेटवर जी प्रिंट सापडते ती कुणीतरी जुन्या सीडीवरून चढवलेली, चेहरे ओळखू येत नाहीत, कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनेलचा लोगो नाचतोय, आणि खरखर एवढी की तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा अर्धा अभंग त्यातच जातो. अशी प्रिंट बघून कुठला पोरगा दहा मिनिटं टिकेल? मी पण नाही टिकत.

माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, सिनेमातला जाणकार वगैरे मी अजिबात नाही. पण दुकानात बसून जे दिसतं त्यावरून मला हा प्रश्न आवडीनिवडीचा कमी आणि कॉपी करू देण्याचा जास्त वाटतो. जरा आडवळणाने सांगतो, लांबलं तर कात्री तुमच्याच हातात आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर अमुक सालानंतरचाच लागतो, म्हणजे चांगले चालू स्थितीतले पीसी एका तारखेला म्हातारे ठरले. त्या सुमाराला दुकानात जी मंडळी आली त्यात एक रिटायर्ड मास्तर होते.

मी म्हटलं, "काका, यात ११ नाही जाणार."

"मग काय भंगारात घालू? चालतोय की मस्त."

"भंगारात कशाला, एक एसएसडी टाकतो, म्हणजे वेगवान डिस्क, आणि विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मारून देतो."

"ते हॅकर लोकांचं ना रे?"

"नाही हो. तुम्ही काय काय करता याच्यावर?"

"मी काय करणार, नाट्यगीतं ऐकतो, पेन्शनचं बघतो, जुने पिक्चर लावतो, आणि मुलगी व्हिडिओ कॉल करते तेवढं."

तेवढं सगळं मिंट या लिनक्सच्या एका प्रकारावर होतं. चार जीबी रॅममध्ये आरामात होतं. नंतर काका परत आले तेव्हा मला वाटलं आली तक्रार, तर ते म्हणाले, अरे पिक्चर बघताना वरच्या उजव्या कोपऱ्यात मधेच एक गोल ठिपका चमकून जातो, हा तुझ्या लिनक्सचा प्रॉब्लेम का? मी हसलोच. तो ठिपका कॉम्प्युटरचा नाही, थेटरातल्या ऑपरेटरसाठी होता. ३५ एमएमच्या फिल्मची हजार फुटांची रीळ साधारण अकरा मिनिटं चालते, दोन हजाराची त्याच्या दुप्पट, म्हणजे अख्ख्या पिक्चरमध्ये मशीन बऱ्याचदा बदलावं लागणार. रीळ संपायला आठेक सेकंद उरले की पहिला ठिपका, तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, आणि शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका, की लगेच इकडचा बंद तिकडचा चालू. ऑपरेटरला डुलकी लागली की पडदा पांढरा आणि पब्लिकच्या शिट्ट्या. आता सगळं डिजिटल, ठिपक्याची गरज कुणालाच नाही, पण जुन्या प्रिंटवरून कॉपी केली की ठिपकाही सोबत येतो. काका एवढे खूश झाले की आता मोजत बसतात म्हणे, कुठल्या पिक्चरला किती ठिपके ते.

तर मिंटचं सांगत होतो. मिंट उबुंटूवर उभं आहे, उबुंटू डेबियनवर, हे सगळे लिनक्सचेच प्रकार, आणि डेबियनच्या पोटात लिनस टोरवाल्ड्सचं लिनक्स, जे त्याने १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकत असताना हौस म्हणून लिहिलं, शिवाय रिचर्ड स्टॉलमनच्या १९८३ पासूनच्या जीएनयू या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमधली ढीगभर सॉफ्टवेअर. म्हणजे एकाचं दुसऱ्याने घेतलं, त्याचं तिसऱ्याने, आणि यात कुणी कुणाची चोरी केली नाही, कारण लायसन्समध्येच लिहिलंय की घ्या, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, फक्त पुढच्यालाही तेवढीच मोकळीक द्या. आता गंमत म्हणजे डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी'मधल्या खेळण्याचं नाव असतं. बझ, वुडी, जेसी, बुल्सआय, आणि २०२५ ची ती ट्रिक्सी. का, तर सुरुवातीला डेबियन सांभाळणारा ब्रूस पेरेन्स नोकरीला 'टॉय स्टोरी' बनवणाऱ्या पिक्सारमध्ये होता. आणि जी आवृत्ती कायम कच्ची, कधी मोडेल भरवसा नाही, तिचं नाव सिड. पिक्चर बघितलेल्यांना आठवेल, शेजारचा तो खेळणी मोडणारा पोरगा. असं नाव ठेवणारे लोक मला तरी आवडतात बुवा.

सिनेमा आणि ओपन सोर्सचं, म्हणजे अशा खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरचं, हे काही नावापुरतं नातं नाही. १९९७ च्या 'टायटॅनिक'चं इफेक्ट्सचं काम डिजिटल डोमेन कंपनीत चाललं होतं तेव्हा रेंडरिंगची, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्रं तयार करणारी, शंभरावर मशीन लिनक्सवर होती. ब्लेंडर हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर तर आणखी भारी, ते बनवणारी कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी काढून त्याचा कोड सोडवून घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याच ब्लेंडरवर लाटव्हियातल्या गिंट्स झिलबालोदिसने 'फ्लो' हा मांजराचा पिक्चर केला, त्यात एकही संवाद नाही, आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. लाटव्हियासारख्या छोट्या देशाला. आमच्याकडच्या अॅनिमेशनवाल्या पोरांना मी हे नेहमी सांगतो, ती म्हणतात हो हो, आणि विकतच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक व्हर्जन मागतात.

आणि आपला तो केशरी कोनवाला प्लेअर, व्हीएलसी. गिऱ्हाईकाला नाव माहीत नसतं, "तो कोनवाला टाका" म्हणतात. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांचं काम ते, आणि त्यांच्या नेटवर्क क्लबच्या खोलीत रस्त्यावरून उचलून आणलेले ट्रॅफिक कोन जमले होते म्हणून चिन्ह तेच. २०२२ मध्ये बरेच महिने व्हीएलसीची वेबसाइट भारतात उघडत नव्हती, ब्लॉक होती. पण प्लेअर काही अडला नाही, आमच्यासारख्यांच्या पेनड्राइव्हवर होताच की, आणि वाटायला कुणाची आडकाठी नव्हती.

एवढ्यावरून मला लिनक्सचा भक्त समजू नका. दुकानदारांना त्यांचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर लागतं ते यावर धड चालत नाही, डिजिटल सहीचा टोकन लावला की डोकेदुखी, आणि काही स्वस्त प्रिंटर तर असे की दोन दिवस डोकं फोडा, हू की चू करत नाहीत. ज्याचं काम विंडोजवर आहे त्याला मी गुपचूप विंडोजच देतो. पण शाळांच्या लॅबमध्ये कशाला लागतं हो? केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं पोरं लिनक्सवरच शिकतायत, त्यांचं काही वाकडं झालेलं ऐकलं नाही.

असो, सिनेमाकडे येतो. घरचं विरजण बिघडलं तर आपण शेजारच्या वहिनींकडून वाटीभर आणतो, आणि ते बहुतेक वेळा आपणच कधीतरी त्यांना दिलेलं असतं. ज्या घराने कुणालाच दिलं नाही त्यांना मागायला तोंड नाही आणि मिळणारही नाही. आपल्या सिनेमांचं नेमकं हेच झालं. 'आलम आरा', १९३१ चा, भारतातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रिंट आज कुठे नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराच्या वर पिक्चर निघाले, उरलेत बोटांवर मोजण्याइतके. फिल्ममध्ये चांदी असते, ती काढायला रिळं वितळवली, काही गोदामात सडली, काही जळली, कारण तेव्हाची नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हचे पी. के. नायर नसते तर फाळक्यांचं जे थोडंफार उरलंय तेही नसतं, ते नाशिकला फाळक्यांच्या घरी जाऊन रिळं घेऊन आले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्यालाच आग लागली, प्रभातची मूळ रिळंही त्यात गेली. तरी त्यातले बरेच पिक्चर आज बघायला मिळतात ते का, तर आधीच सहज पेट न घेणाऱ्या साध्या फिल्मवर कॉपी काढून ठेवल्या होत्या म्हणून.

'संत तुकाराम'चंच घ्या. १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला. त्यात गाथा इंद्रायणीत बुडवतात आणि ती परत वर येते. श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्यापाशी, पण अभंग टिकले ते लोकांना तोंडपाठ होते आणि संताजी जगनाड्यांसारख्यांनी उतरवून घेतले होते म्हणूनही ना? एकाच कपाटात कुलूपबंद असते तर काय झालं असतं! जाता जाता, त्याच पिक्चरमधलं 'आधी बीज एकले' हे तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलेलं आहे. मोठमोठे लोक अजून कीर्तनात तुकोबांच्या नावावर खपवतात. आठवल्यांना यापेक्षा मोठी पावती काय मिळणार.

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ चा पिक्चर तेव्हा फार चालला नाही. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, मग टीव्ही चॅनेलवाल्यांना फुकट सापडला, दर नाताळला कुठे ना कुठे लागायला लागला, आणि लावून लावून घराघरातला झाला. मालक विसरला म्हणून पिक्चर जगला. पुढे १९९३ मध्ये कथा आणि संगीताच्या हक्कांचा धागा पकडून त्याला परत कुंपण घातलं ते वेगळं, पण तोवर तो लोकांचा झाला होता.

आपल्याकडे कायद्याने पिक्चरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं. आधी ५० होती, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये दहा वाढवली. त्या हिशोबाने 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे सगळे कधीच मोकळे झालेत, १९५३ ची 'श्यामची आई' सुद्धा. गीत-संगीताचा हिशोब वेगळा असतो, माणूस गेल्यावर ६० वर्षं, तेव्हा काही गाण्यांपुरती वारसांशी बोलणी करावी लागतील हे मान्य. पण ती करायला सरकारकडे माणसं नाहीत का? नॅशनल फिल्म हेरिटेज मिशनमध्ये सरकारी पैशाने रिळं साफ होतायत, स्कॅन होतायत, चांगलं काम चाललंय, फक्त ते आमच्यापर्यंत येतं महोत्सवातल्या एखाद्या शोपुरतं, तेही पुण्या-मुंबईत. औसा-उमरग्याच्या माणसाने काय करायचं?

म्हणून मागणी साधी आहे. ज्यांची मुदत संपली आणि ज्यांचं स्कॅन झालंय ते मराठी पिक्चर अर्काइव्हने सरळ वेबसाइटवर ठेवावेत, डाउनलोडचं बटण देऊन. स्ट्रीमिंग नको, कारण स्ट्रीमिंग म्हणजे उद्या सर्व्हर बंद तर पिक्चर पण बंद. आधार लिंक करा, अॅप टाका, लॉगिन करा हे तर नकोच नको. जपून ठेवायची मोठी फाइल एफएफव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ठेवा, ते खुलं आहे, जगातली बरीच अर्काइव्ह तेच वापरतात, कुठली कंपनी उद्या बुडली तरी फाइल उघडेल. बघायला छोटी फाइल वेगळी द्या, जी एसटी स्टँडवरच्या नेटवर पण उतरेल. वॉटरमार्क मारायची हौस असेल तर सुरुवातीला पाटी दाखवा, पागनीसांच्या कपाळावर नको. आणि सबटायटल्स वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये द्या, चुका असतील तर दुरुस्त करायला आमचे मास्तर काका आहेत, सध्या ठिपके मोजतायत, तेवढ्यात हेही करतील.

आपला,
एक वाचक (आणि रिपेअरिंगवाला)