कम्प्लिशन क्यू सुरक्षितपणे कशी मोडायची हे शिकवल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

अंबडची नोकरी सांभाळून तुम्ही नाशिकच्या आम्हा सिस्टीम प्रोग्रामर मंडळींना आरडीएमए (एका संगणकाने दुसऱ्याची मेमरी नेटवर्कवरून थेट वाचायची-लिहायची पद्धत) शिकवलंत, त्याचे हे जाहीर आभार. कनेक्शन उभं करायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही ते मोडायचं कसं, इथून सुरुवात केलीत.

कम्प्लिशन क्यू (सीक्यू) म्हणजे पूर्ण झालेल्या कामांच्या नोंदींची रांग, आणि इव्हेंट म्हणजे तिथे नवी नोंद आल्याची सूचना. सर्वांत मोलाचा ठरला तो या इव्हेंटचा हिशेब. ही रांग मोडणारं फंक्शन, आयबीव्ही_डिस्ट्रॉय_सीक्यू, अडकलं की संशय आधी कार्डावर किंवा ड्रायव्हरवर जातो. तुम्ही जीडीबी हा डीबगर लावून स्टॅकच समोर ठेवलात: थ्रेड पीथ्रेड_कॉन्ड_वेटमध्ये थांबलेला. आयबीव्ही_गेट_सीक्यू_इव्हेंटने जेवढे इव्हेंट वाचले, तेवढ्यांची पोच आयबीव्ही_ॲक_सीक्यू_इव्हेंट्सने मिळेपर्यंत डिस्ट्रॉय परतत नाही. एकाची पोच राहिली तरी कायमचं अडकतं, टाइमआउट नाहीच. न वाचलेले इव्हेंट या मोजणीत येत नाहीत. ॲकच्या प्रत्येक कॉलला म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे सोडणारं कुलूप) लागतो, म्हणून काउंटर ठेवून पोच एकगठ्ठा द्यायची. शेवटी इव्हेंट वाचणारा थ्रेड थांबवून जॉइन करायचा, बाकी चुकती करायची, मगच डिस्ट्रॉय. हा थ्रेड चालू असताना काउंटरवर विश्वास ठेवू नका, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत ते बरं झालं.

त्याआधीची पायरी क्यू पेअरची, म्हणजे पाठवण्याच्या आणि स्वीकारण्याच्या रांगांच्या जोडीची. ती एरर स्टेटमध्ये न्यायची, म्हणजे उरलेल्या वर्क रिक्वेस्ट (तिच्यावर सोपवलेली कामं) फ्लश एररसह, म्हणजे बाद झाल्याच्या खुणेसह, कम्प्लिशन क्यूत येतात. नुसत्या संख्येवरून सगळं आलं का ते कळत नाही, कारण यशस्वी झालेल्या अनसिग्नल्ड (पूर्ण झाल्याची नोंद न मागितलेल्या) सेंडची नोंदच येत नाही. यावर तुमचा उपाय नेमका होता: एरर स्टेटनंतर वेगळा डब्ल्यूआर_आयडी (कामाला आपण दिलेली ओळख) देऊन एक सेंड आणि एक रिसीव्ह टाकायची. त्या दोन्ही परत आल्या की त्यांच्या आधीचं सगळं निघालं. एररच्या नोंदीत ऑपकोड (कामाचा प्रकार) वाचायचा नाही. डब्ल्यूआर_आयडी, स्टेटस, क्यूपी क्रमांक आणि व्हेंडर एरर एवढंच ग्राह्य. कम्प्लिशन क्यू रिकामी न करता क्यू पेअर मोडली, तर काही ड्रायव्हर तिच्या नोंदी परस्पर काढून टाकतात आणि त्या डब्ल्यूआर_आयडीवर अवलंबून असलेले बफर कधीच मोकळे होत नाहीत.

पुढचा क्रम सरळ: क्यू पेअर, कम्प्लिशन क्यू, चॅनल (ज्यातून इव्हेंट येतात तो), मेमरी रीजन (कार्डाकडे नोंदवलेली मेमरी), प्रोटेक्शन डोमेन (हे सगळं एकत्र बांधणारी हद्द), डिव्हाइस. क्यू पेअर जिवंत असताना कम्प्लिशन क्यू मोडायला गेलात तर ईबिझी ('अजून वापरात आहे' हा एरर कोड), म्हणजे १६ परत येतो. उणे १ तपासणारा कोड तिथे फसतो.

कार्ड नसलेल्यांना तुम्ही साध्या इथरनेटवर सॉफ्ट-रॉकी (Soft-RoCE, म्हणजे खास कार्डाविना सॉफ्टवेअरमधून चालणारं आरडीएमए) उभं करून दिलंत, आणि 'आरडीएमए रिसोर्स शो सीक्यू' चालवून मागे काय उरलं ते बघायची सवय लावलीत. शेअर्ड रिसीव्ह क्यूचा (अनेक क्यू पेअरच्या सामाईक स्वीकार-रांगेचा) 'लास्ट डब्ल्यूक्यूई रीच्ड' इव्हेंट तेवढा शिकायचा राहिला आहे. सवड होईल तेव्हा तो घ्याल, ही विनंती.

आपले,
नाशिकचे सिस्टीम प्रोग्रामर