हेड पार्क झालं, काका!

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल, आणि तुमच्या पेठेत विंडोज सोडून लिनक्स ही दुसरी संगणक-प्रणाली वापरणारे निवृत्त टेलिफोन इंजिनियर काही डझनभर नाहीत, त्यामुळे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. हे पत्र उघड लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून उठून जाता. चौदा वर्षांत तीनदा झालंय हे.

निमित्त सांगते. गेल्या रविवारी माझ्या जुन्या थिंकपॅड टी-६१ मधली फिरती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवली. एक स्क्रू आणि एक झाकण, दहा मिनिटांचं काम. नंतर टर्मिनलवर 'एचडॅप्सडी' पॅकेज (धक्का जाणवला की डिस्कचं हेड, म्हणजे तबकडीवर वाचणारं-लिहिणारं टोक, बाजूला नेऊन ठेवणारा, म्हणजेच 'पार्क' करणारा प्रोग्राम) काढून टाकायची आज्ञा दिली, त्यानं नेहमीप्रमाणे "नक्की का?" विचारलं, आणि माझं बोट 'वाय'वर तसंच राहिलं. एसएसडीत हेडच नाही, मग पार्क काय करणार? पॅकेज निरुपयोगी झालं होतं हे खरं. पण ते ज्या संध्याकाळी बसलं, ती डोळ्यांसमोर आली.

२०११ चा उन्हाळा. मी पतसंस्थेची अंतर्गत तपासणी करायचे. आज मेढा, उद्या पाटण, परवा कोरेगाव, आणि महिन्यातून एकदा पुणे. सगळं एसटीनं. वेळ वाचावा म्हणून लॅपटॉप मांडीवर उघडून नोंदी करायची सवय लागली होती. खंबाटकीच्या उतारावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, लॅपटॉप मांडीवरून घसरून समोरच्या सीटच्या लोखंडी दांडीवर आपटला. स्क्रीनला ओरखडासुद्धा नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "वाचला बाई." मीही तसंच समजले. रात्री घरी चालू केला तर आतून किर्र, टक्, किर्र, टक्. दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या.

ती डिस्क घेऊन मी तुमच्याकडे आले होते, कुणीतरी सांगितलं म्हणून. तुम्ही ती कानाशी धरलीत, मान हलवलीत, आणि डेटा येणार नाही हे एका वाक्यात सांगून टाकलंत. गोड बोलून आशेला लावलं नाहीत, याचे आभार आधी. मग विचारलंत, "सेन्सर कोण वाचत होतं?"

मला सेन्सर आहे हेच माहीत नव्हतं. आयबीएमनं २००३ पासून थिंकपॅडच्या मदरबोर्डवर हालचाल ओळखणारी चिप बसवायला सुरुवात केली, आणि विंडोजमध्ये कंपनीचा प्रोग्राम ती वाचून धोका दिसला की डिस्कचं हेड बाजूला नेतो, हे तुम्ही सांगितलंत. मी तर हौसेनं विंडोज पुसून डेबियन हे लिनक्स टाकलेलं. चिप जागच्या जागी इमानदारीत आकडे देत होती, ऐकणारं कुणी नव्हतं. वॉचमन ओरडतोय आणि सोसायटी झोपलेली, हे तुमचे शब्द.

पुण्याहून नवी डिस्क आणल्यावर तुम्ही काम स्वतः करून दिलं असतंत तर अर्ध्या तासात झालं असतं. तुम्ही तीन संध्याकाळी घेतल्यात. तेव्हा मनातून वैतागले होते, आज कबूल करते.

पहिल्या संध्याकाळी कीबोर्डला हातही लावू दिला नाहीत. आधी हिशेब. पंचाहत्तर सेंटिमीटर उंच टेबलावरून वस्तू पडायला ०.३९ सेकंद लागतात. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क तेवढ्यात पस्तीस वेळा फिरते. आणि हेड त्या फिरत्या पृष्ठभागावर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, जिथं केसाची जाडीच सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर. मी म्हटलं, मग ०.३९ सेकंदांत पार्क करायचं, सोपं आहे. तुम्ही स्वयंपाकघरातून पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या आणलात. तिरका केलात, पाणी सांडलं. हिसका दिलात, पाणी सांडलं. मग म्हणालात, "आता हा सरळ खाली सोडला, तर पडता पडता पाणी हिंदकळेल का?" सोडला नाहीत, काकू दारात उभ्या होत्या.

या मशीनचा सेन्सर दोनच अक्षांचा आहे, डावं-उजवं आणि पुढं-मागं. खाली-वरचं त्याला कळत नाही. म्हणजे लॅपटॉप अगदी समतल पडला तर सेन्सरला पत्ताच नाही! तो पडणं ओळखत नाही, पडण्याआधीची चलबिचल ओळखतो: घसरणं, कलणं, धक्का. पुढं काही एचपी आणि डेल लॅपटॉपमध्ये तीन अक्षांची चिप आली, ती खरंच 'पडतोय' असं सांगते आणि लिनक्समध्ये त्यासाठी 'फ्रीफॉल' नावाचं वेगळं उपकरणच दिसतं. आमच्या टी-६१ चं सगळं भविष्य मात्र त्या चलबिचलीवर. हे कळलं नसतं तर मी नुसतं पॅकेज बसवून निर्धास्त झाले असते.

दुसरी संध्याकाळ मॉड्यूलमध्ये गेली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला, जोडायच्या तुकड्यात. कर्नलमध्ये सेन्सर वाचणारा 'हडॅप्स' ड्रायव्हर २००५ पासून होताच, २.६.१४ या आवृत्तीपासून, रॉबर्ट लव्ह यांनी आणलेला. पण तुम्हाला तो नको होता. थिंकपॅडमधल्या त्या छोट्या कंट्रोलरला बॅटरीचं विचारणारा एक आणि सेन्सरचं विचारणारा दुसरा एकाच वेळी येऊन धडकले की गोंधळ होतो, म्हणून दोघांना रांगेत उभं करणारं 'थिंकपॅड-ईसी' आणि सोबतचं सुधारलेलं हडॅप्स हवं, जे 'टीपी-स्मापी' या संचाबरोबर येतं. ते लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव शेम मल्टिनिमस ठेवलंय हे वाचून तुम्ही केवढे हसलात. "अनामिक नव्हे, बहुनामिक! विष्णुसहस्रनामवाला दिसतो." मग मला एचडॅप्सडीचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम, उघडून वरच्या ओळी मोठ्यानं वाचायला लावल्यात: जॉन एस्कोम, रॉबर्ट लव्ह, शेम मल्टिनिमस, इलियास ओल्टमान्स, एव्गेनी गोलोव. "यांतल्या एकालाही तू कोण हे माहीत नाही," एवढंच बोललात आणि उठून चष्मा शोधायला लागलात. त्यांचेही आभार याच पत्रात उरकते. तुम्हाला चालेल.

मॉड्यूल बसलं, पण चालू केलं की जुनंच चढायचं. कर्नल हेडर, म्हणजे मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली, नसल्यामुळे नवं तयारच झालं नव्हतं, आणि तशी ओरड कुठं वर दिसली नाही, लॉगमध्ये खाली पडून होती. हे शोधायला मला पावणेदोन तास लागले. तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं, हे मला नंतर काकूंनी सांगितलं.

तिसरी संध्याकाळ. सिस्टीममध्ये डिस्कच्या नावाखाली 'अनलोड_हेड्स' नावाची फाइल. तिच्यात मिलिसेकंदांचा आकडा लिहिला की तेवढा वेळ हेड बाजूला जाऊन बसतं आणि डिस्कची सगळी कामं थांबतात. हे कर्नलमध्ये २.६.२८ पासून आलं. "दोन-तीन वर्षं आधी आली असतीस तर तुला पॅच लावून कर्नल शिजवत बसवलं असतं." मी ४००० लिहिलं. उत्तर आलं, ही क्रिया चालत नाही. नव्या डिस्कनं आपल्याला हे येतं असं जाहीरच केलं नव्हतं. मला वाटलं, संपलं, पैसे पाण्यात.

"येतं पण सांगत नाही, अशीही असतात," तुम्ही म्हणालात. "पुतण्या माझा तसाच आहे." उणे एक लिहायला सांगितलंत, म्हणजे डिस्क काहीही म्हणो, कर्नलनं तिला येतं असं धरून चालायचं. आणि लगेच बजावलंत की धरून चालणं वेगळं, खात्री वेगळी. एक मोठी फाइल कॉपीला लावली. पंखा बंद केलात. काकूंना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलात. मला लॅपटॉपवर उजव्या तळव्याच्या जागी कान टेकायला लावलात, कारण डिस्क तिथंच खाली असते. पुन्हा ४००० लिहिलंत.

टक्.

मेलेल्या डिस्कच्या टक्-टक् पेक्षा फार वेगळा. हलका, एकच, दार नीट लागल्यासारखा. कॉपीचा आकडा थांबला. एक, दोन, तीन, चार, आणि पुन्हा पळायला लागला. मी ओरडलेच, "पार्क झालं काका!" तुम्ही पंखा चालू केलात.

त्यानंतरचं तुम्हाला फारसं माहीत नाही. पहिल्याच आठवड्यात मेढ्याच्या रस्त्यावर लॅपटॉप वापरणं अशक्य झालं. डिमन, म्हणजे मागं सतत चालणारा तो एचडॅप्सडी, सेकंदाला पन्नासदा सेन्सर वाचतो, आणि आपले खड्डे त्याहून तत्पर. प्रत्येक गतिरोधकाला हेड पार्क, एखाद-दुसरा सेकंद सगळं ठप्प, की पुढचा खड्डा. तुम्हाला फोन केला तेव्हा म्हणालात, किती धक्क्याला पार्क करायचं तो उंबरठा वाढव, पण किती ते मी सांगणार नाही, तुझा रस्ता तुला माहीत. मूळ १५. मी चढवत चढवत २४ वर आले. टाइप करताना उंबरठा आपोआप वर जाणारा पर्यायही लावला. शेवटी दोन आज्ञा करून ठेवल्या, एकीचं नाव 'घर', दुसरीचं 'एसटी'. पाटणच्या शाखेतल्या शिपाईकाकांना हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "भूकंप कळतो का यात?" कोयनेच्या माणसाला दुसरं काय सुचणार, ११ डिसेंबर १९६७ त्यांनी पाळण्यात पाहिलेली. परदेशात लॅपटॉपमधले असेच सेन्सर जोडून भूकंप टिपायचा प्रयोग झालाय, हे सांगितल्यावर माझ्याबद्दलचा त्यांचा आदर फारच वाढला.

तुम्ही घातलेली दुसरी सवय म्हणजे महिन्याच्या एक तारखेला स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्या यादीतला १९३ क्रमांकाचा आकडा बघायचा: हेड किती वेळा चढलं-उतरलं. पार्किंग फुकट नसतं, अशा डिस्कना साधारण सहा लाख फेऱ्यांचं आयुष्य धरतात. पतसंस्थेच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी, मी तो लिहीत आले. आई विचारायची, हे कुणाचं कर्ज?

२०१४ च्या पावसाळ्यात लॅपटॉप पुन्हा पडला. कोरेगावच्या शाखेत, चालू, टेबलाच्या कोपऱ्यावरून, माझ्याच चार्जरच्या वायरला पाय अडकून. कोपऱ्यावर आधी कलला, मग पडला. फरशीवर पडल्याचा आवाज आला, त्याच्या आधी तो हलका टक् ऐकला असं मी शपथेवर सांगणार नाही. लॉगमध्ये मात्र त्या सेकंदाची पार्किंगची नोंद होती. बिजागरी तुटली. फाइल एकही गेली नाही. तेव्हा लगेच फोन करायला हवा होता. तपासणी चालू होती, मग मार्च आला, मग राहिलंच.

तर काका, रविवारी शेवटी 'वाय' दाबलं. काढलेली डिस्क टेबलावर आहे. शेवटचा आकडा १,८६,२१४. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "ही मेली की मला आणून दे, उघडून आतली तबकडी बघू." अडचण अशी आहे की ती अजून मेलेली नाही. तरी आणू का?

तुमची,
मेढा-पाटण-कोरेगाववाली

ता. क. काकूंना सांगा, तांब्याचा प्रयोग आता मी भाचीला दाखवते. सोडते सुद्धा, पण अंगणात.