अण्णांना फोन तूच कर

विश्रामबाग, सांगली

प्रिय वैजू,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझं बीपी गोळीवर आहे, यांचा गुडघा तसाच. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मुद्दा राहतो. हा मुद्दा राहून चालणार नाही.

आपल्या प्रयोगशाळेत उंदरांचं बघणाऱ्या अण्णांना कावीळ झाली होती. आता उतरतेय, हरिपूरला घरी आणलंय. पण दवाखान्यात बघायला गेले तेव्हा डोळ्यांत पांढरं काही उरलंच नव्हतं. यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी हजाराच्या वर. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे रिपोर्ट निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडा नाही, आणि दारूचं तर तुला माहीतच आहे, गॅदरिंगच्या सरबतालासुद्धा हात लावायचे नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या-औषधं आणखी काही? अण्णा गप्प. शेवटी सुनेनं पिशवीतून डबी काढली. हळदीचा अर्क, 95 टक्के कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, सोबत काळ्या मिरीचा अर्क. वर छापलेलं, ‘यकृत व मेंदूचे रक्षण’. सकाळी एक, रात्री एक, गेले काही महिने. आणि वैजू, अण्णा माझ्याकडे बोट करून डॉक्टरांना म्हणाले, “ह्यांनी आणि बारक्या ताईंनीच शोध लावलाय. मी डोळ्यानं बघितलाय.”

मला तिथे उभं राहवेना. कारण त्यांनी खरंच बघितलंय. उंदरांवरच्या आपल्या हळदीच्या प्रयोगात टीबीएच्या नळ्या (चरबी जितकी खराब, तितका गुलाबी रंग गडद) वॉटरबाथमधून काढून रॅक खिडकीत कोण धरायचं? साध्या गटाची नळी जेमतेम गुलाबी, विष दिलेल्यांची गडद, आणि हळदीवाल्यांची मधली. तू यंत्रावर 532 नॅनोमीटरला रंगाचं रीडिंग घ्यायच्या आधी अण्णांनी निकाल सांगितलेला असायचा. यकृतंही त्यांनीच बर्फावर ठेवलेली. विषवाल्यांचं फिकट, सुजलेलं, हाताला चरबट. हळदवाल्यांचं लालभडक. ‘चेअरमन’ आठवतो? सगळ्यात जाड्या, पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून हलायचा नाही, म्हणून साखर कारखान्याच्या अध्यक्षाचं पद अण्णांनी त्याला दिलं होतं. तो हळदीच्या गटात होता. त्याच्या यकृताचा रंग त्यांना अजून आठवतो, मला दवाखान्यात ऐकवला.

तर त्यांचा प्रश्न असा आहे, “उंदराला लागू पडलं, मला उलटं का झालं?” आणि त्याला नीट उत्तर दिल्याशिवाय ते ऐकणारे नाहीत.

मी काय सांगितलं ते लिहिते. आपण उंदरांना दिलेलं विष, सीसीएलफोर म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, आपणहून फारसं काही करत नाही. यकृतातलं सीवायपी टू ई वन हे एन्झाइम त्याचं रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी भिडणारा रेणू, करतं, ते पेशीच्या आवरणातल्या चरबीला लागतं आणि तिथून साखळी सुरू होते. आपण अर्क आधी पाजला, विष मागून दिलं. मग अर्कानं ती साखळी तोडली, की मुळात ते एन्झाइमच मंद केलं, म्हणजे विषच कमी तयार झालं? नळी दोन्हीकडे फिकीच दिसणार. म्हणून मी नंतर अर्क देण्याचा गट मागत होते. तू म्हणालीस, नैतिकता समितीनं मंजूर केलेल्या जनावरांत तो बसत नाही. त्यावरून आपण मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो होतो. तुझा हिशेब बरोबर होता, पण त्या गटासाठी मी आजही भांडेन. माणूस काही उद्या कावीळ होणार म्हणून आज औषध घेऊन बसत नाही. आणि बसलाच तर अण्णांसारखा, कसलंही विष पोटात नसताना.

अँटिऑक्सिडंट म्हणजे सगळं थोतांड, असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू देणार नाहीस. पॅरासिटामॉल जास्त झालेल्या माणसाला ॲसिटिलसिस्टीन आठ तासांच्या आत मिळालं तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. तिथे विष कोणतं ते माहीत, त्याला निकामी करणाऱ्या यकृतातल्या ग्लुटाथायोनचा साठा संपतो ते माहीत, तो भरून काढायला सिस्टीन लागतं तेही माहीत. डबीवरच्या ‘रक्षण’ या शब्दात यातलं काय आहे? कशापासून रक्षण, कोणाचं, कधी?

मेंदूचं तर त्यांना मनापासून पटलंय. थोरले भाऊ घराचा रस्ता विसरायला लागले तेव्हापासून अण्णांनी धसका घेतलाय. चष्मा सापडला नाही की चेहरा उतरतो. आणि युक्तिवाद कागदावर चुकीचा नाही गं. शरीराच्या वजनाच्या 2 टक्के मेंदू, पण ऑक्सिजन 20 टक्के तोच खातो, त्यात पटकन ऑक्सिडाइझ होणारी चरबी भरलेली. पण अर्क तिथवर पोचायला हवा ना. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना 24 आठवडे कर्क्युमिन देऊन पाहिलं, 2012 मध्ये छापून आलं. फायदा दिसला नाही, रक्तातसुद्धा ते नावालाच सापडलं.

म्हणूनच ती मिरी. बेंगळुरूचा 1998 चा पेपर तूच मला वाचायला दिला होतास, 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढतं. तेव्हा आपण किती खूश झालो होतो! पण ते वाढतं कसं? यकृत कर्क्युमिनला ग्लुकुरोनाइड जोडून बाहेर घालवतं, मिरी ते काम अडवते. ज्याचं रक्षण करायचं त्याचेच हात बांधायचे. 2022 मध्ये अमेरिकेतल्या औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदींमधून हळदीच्या सप्लिमेंटचे 10 रुग्ण प्रसिद्ध झाले. त्यातल्या 7 जणांत एचएलए-बी 35:01 हा एकच जनुकप्रकार निघाला, एक रुग्ण दगावला. बाकी लाखो लोक हेच घेतात आणि त्यांना काही होत नाही. अण्णांची ती तपासणी झालेली नाही, पण डॉक्टरांनी बजावलंय, ह्या गोळ्या परत पोटात गेल्या तर पुढची कावीळ याहून वाईट असेल.

आता खरी काळजी. ते परत घेणार. सून म्हणते डब्या दोन आणल्या होत्या, दुसरी सापडत नाही. विचारलं की म्हणतात, “संपली.” मला बघवत नाही, वैजू. हा माणूस हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या कोठारांत, हळद भरणाऱ्या बापाचा मुलगा. त्याच्यासमोर हळदीनं कावीळ झाली म्हटलं की त्यांना वाटतं आपण त्यांच्या वडिलांबद्दलच काही बोलतोय. मी परोपरीनं सांगितलं, आमटीतली हळद कोणी बंद केलेली नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. तुमची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी म्हणजे सोळा ग्रॅम हळद, दिवसाला दोन, वर मिरी. तुमच्या आईनं कधी मूठभर हळद आमटीत टाकली होती का? त्यावर हसले. पण पटलं नाही. “बारक्या ताई काय म्हणतात?” हे मात्र तीनतीनदा विचारलं.

त्यांचा विश्वास पहिल्यापासून तुझ्यावर. मी भांडणारी, तू रीडिंग घेणारी. तेव्हा फोन तू कर. जनुकं, एन्झाइम काही सांगू नकोस, ते माझं सांगून झालंय. फक्त सांग की चेअरमनला आपण अर्क मोजून दिला होता, मिरीशिवाय, थोडेच दिवस, आणि महिनोन्‌महिने दिला असता तर काय झालं असतं ते आपण कधी बघितलंच नाही. हे त्यांना कळेल, कारण पिंजऱ्यावरच्या चिठ्ठ्या तेच लिहायचे. आणि दुसरी डबी कुठे आहे ते तुलाच सांगतील. स्मरणशक्तीच्या तपासणीला मी त्यांना मिरजेला घेऊन जाणार आहे, तेही कानावर घाल. भीती तिथे आहे, डबी नुसतं निमित्त.

तुझ्या बढतीचं यांच्याकडून कळलं, तू सांगायला हवं होतंस. ओवीची दहावी कशी चाललीय? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतरच ठेव, धूळ कमी असते. सविस्तर पुढच्या पत्रात.

फोन रविवारी दुपारी चारनंतर कर, तोवर झोपलेले असतात. सून घरी असते, तिला स्पीकर लावायला सांग, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

तुझी,
मंगल